अमेरिकेत कारखाना टाकायचाय? आधी काउंटी वाचायला शिका

भोसरीतल्या एका कारखानदारांच्या टेबलावर एक गुळगुळीत पुस्तिका पडली होती. मुखपृष्ठावर हिरवी टेकडी आणि तिच्या पायथ्याशी आठपदरी रस्ता. आत पानोपानी आश्वासनं: मालमत्ता करात सवलत, कामगारांचं मोफत प्रशिक्षण, तयार जागा, शंभर मैलांच्या आत मोठे ग्राहक. अमेरिकेतल्या एका काउंटीच्या आर्थिक विकास कार्यालयाने ती पाठवली होती. कारखानदारांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. "हे खरंच देतात का? आणि आपल्याला का देतात?"

गेली काही वर्षं मी पुणे-कोल्हापूरकडच्या लहान पुरवठादारांबरोबर अमेरिकेत जागा बघत फिरतो आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्याला उपयोगी पडेल असं जे काही हाती लागलं, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणासाठी दक्षिण कॅरोलिना राज्यातली स्पार्टनबर्ग काउंटी घेतली आहे, कारण उद्योग कसे बोलवावेत हे शिकायला तिच्याइतकी चांगली शाळा मला दुसरी माहीत नाही.

पहिली पायरी: समोरच्याची गरज ओळखा

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण अधिकारांच्या बाबतीत दोन्हींत मोठा फरक आहे. अमेरिकेत ३,१०० हून अधिक काउंट्या आहेत. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. कनेक्टिकटमध्ये तर काउंटीचं सरकारच १९६० मध्ये बंद झालं. त्यामुळे कुठल्या राज्यात नेमकं कोणाशी बोलायचं, हे आधी विचारून घ्या.

आपल्याकडे जिल्हाधिकारी वरून नेमले जातात, औद्योगिक भूखंड एमआयडीसी देते आणि सवलत मुंबईतून ठरते. स्पार्टनबर्गसारख्या काउंटीत लोकांनी निवडून दिलेलं कौन्सिल असतं. जमीन, इमारत आणि यंत्रांवरचा मालमत्ता कर त्याच भागात राहतो, आणि शाळा, रस्ते, अग्निशमन या पैशावर चालतात. तुमची शेड उभी राहिली की तिथल्या शाळेला पुढची तीस वर्षं उत्पन्न मिळतं. भोसरीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. त्यांना तुमची गरज आहे. तेव्हा सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेल्यासारखे संकोचून बसू नका आणि ते फार आदराने वागतात म्हणून भारावूनही जाऊ नका.

स्पार्टनबर्गची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. हा मूळचा कापडगिरण्यांचा मुलूख. रेल्वेचे अनेक मार्ग इथे मिळत, म्हणून शहराला 'हब सिटी' म्हणत. गिरण्या होत्या, त्यामुळे त्यांना यंत्रं आणि सुटे भाग लागत आणि ती यंत्रं बरीचशी युरोपातून येत. रिचर्ड ऊर्फ डिक टकी नावाच्या गृहस्थांनी १९५० च्या दशकापासून १९७९ पर्यंत तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सचा कारभार सांभाळला. त्यांनी युरोपातल्या यंत्र-उत्पादकांच्या मागे लागून त्यांना इथे यायला राजी केलं. मिलिकन या स्थानिक कापड कंपनीचे प्रमुख रॉजर मिलिकन यांनाही आपले पुरवठादार जवळ हवे होते. स्वित्झर्लंडची रीटर, जर्मनीची मेंझेल, मग होक्स्ट अशा कंपन्या येत गेल्या. आलेल्यांना घर शोधून देण्यापासून वकील गाठून देण्यापर्यंतची कामं टकी आणि त्यांची माणसं करत.

पुढे गिरण्या ओसरल्या. पण परदेशी मालकाशी वागायची सवय, यंत्रावर हात बसलेला कामगार आणि शिकवणारी तंत्रशाळा मागे राहिली. १९९२ च्या जूनमध्ये बीएमडब्ल्यूने इथे कारखाना काढायचं जाहीर केलं आणि १९९४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. तेव्हा राज्याने जमीन मिळवून ती वर्षाला १ डॉलर भाड्याने दिली आणि शेजारच्या विमानतळाची धावपट्टी वाढवली, हे सगळे सांगतात. त्याआधीची चाळीस वर्षं मात्र कोणी सांगत नाही. आज त्या एका कारखान्यात ११ हजारांहून अधिक माणसं काम करतात. काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ३ लाख २८ हजार होती.

पुस्तिका वाचताना हीच नजर ठेवा. सवलत कौन्सिलच्या एका ठरावाने मिळते, तिथला कामगार आणि तंत्रशाळा घडायला पिढी जाते.

दुसरी पायरी: आपला कागद तयार करा

बहुतेक जण इथेच चुकतात. काउंटीला ई-मेल करतात, "आम्ही ऑटो कंपोनंट बनवतो, आम्हाला काय मिळेल?" समोरचा माणूस नम्रपणे उत्तर देतो, पण त्याला काही करता येत नाही. त्याला आकडे लागतात. एका पानावर एवढं लिहा:

किती चौरस फूट शेड हवी, आतली मोकळी उंची किती, क्रेन किती टनांची. वीज किती किलोवॅट, पाणी दिवसाला किती, गॅस लागतो का, सांडपाण्यात काय असतं. जमीन, इमारत आणि यंत्रं यांवर वेगवेगळा खर्च किती. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी माणसं किती आणि त्यांना तासाला किती पगार. माल कुठून येणार, कुठे जाणार. उत्पादन कोणत्या महिन्यात सुरू व्हायला हवं.

माणसांचा आकडा फुगवू नका. आपल्याकडे प्रकल्प अहवालात रोजगार थोडा वाढवून लिहायची सवय आहे. तिथे तोच आकडा करारात जातो आणि पुढे दरवर्षी त्याचा हिशेब द्यावा लागतो. शंभर लिहून साठ लावले तर मिळालेली सवलत परत करावी लागू शकते. साठ लिहा, ऐंशी लावा, कौन्सिल टाळ्या वाजवेल.

आणखी एक गोष्ट कागदावर आणा. भारतातली यंत्रं न्यायची असतील तर आपली वीज ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर चालते, त्यांच्या कारखान्यांत सर्वसाधारणपणे ४८० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असते. यंत्रांतल्या विजेच्या मोटरचा वेग बदलतो, पॅनल त्यांच्या मानकांप्रमाणे बदलावे लागतात. हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात मी क्वचितच पाहिला आहे.

कागद तयार झाला की तो एकाच काउंटीला देऊ नका. आधी राज्याच्या वाणिज्य विभागाला किंवा प्रादेशिक संस्थेला द्या. स्पार्टनबर्ग ज्या भागात आहे तिथे 'अपस्टेट एससी अलायन्स' दहा काउंट्यांसाठी हे काम करते, आणि खुद्द काउंटीसाठी 'वनस्पार्टनबर्ग'. ओळख नसेल तर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची 'सिलेक्टयूएसए' गुंतवणूक परिषद दरवर्षी वॉशिंग्टनजवळ भरते. राज्यं आणि काउंट्या तिथे टेबलं मांडून बसतात. दोन दिवसांत वीस ठिकाणची माणसं भेटतात. मदतीसाठी काउंटीची कार्यालयं पैसे घेत नाहीत. "सवलत मिळवून देतो, इतके टक्के द्या" म्हणणारा मध्यस्थ भेटला, तर आधी थेट काउंटीला फोन करा.

तिसरी पायरी: करसवलत सगळ्यात शेवटी मोजा

हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि लोकांना ते पटायला वेळ लागतो. म्हणून हिशेबच मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, आणि २०२२ च्या कायद्याने मिळालेली सूट त्यांत धरलेली नाही (तिच्याबद्दल पाचव्या पायरीत).

समजा इमारत आणि यंत्रं मिळून ५० लाख डॉलरची मालमत्ता आहे. दक्षिण कॅरोलिनात उत्पादकाच्या मालमत्तेची आकारणी कायद्याने किमतीच्या १०.५ टक्के, म्हणजे ५,२५,००० डॉलर. स्थानिक कराचा दर, ज्याला ते मिलेज म्हणतात, ३५० धरू. म्हणजे आकारणीच्या ३५ टक्के. कर झाला १,८३,७५० डॉलर. काउंटीशी करार केला तर आकारणी ६ टक्क्यांवर येते, कर १,०५,००० डॉलर. पहिल्या वर्षी वाचले ७८,७५०. डोळे दिपवणारा आकडा आहे.

आता ग्राहकापासून शंभर मैल लांबची जागा केवळ या सवलतीसाठी घेतली असं समजा. रोज चार ट्रक, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे एक लाख मैल जास्त. मैलाला अडीच डॉलर धरले तर अडीच लाख डॉलर गेले. सवलतीच्या तिप्पट.

किंवा त्या गावात माणसं मिळत नाहीत म्हणून तासाला एकच डॉलर जास्त द्यावा लागला. साठ माणसं, वर्षाचे २,०८० तास: १,२४,८०० डॉलर. पुन्हा सवलतीपेक्षा जास्त, आणि हा खर्च दरवर्षी वाढतच जाणार.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वाहतूक, मग माणसं, मग जमीन, मग वीज-पाणी आणि त्यानंतर कर.

वाहतुकीच्या बाबतीत स्पार्टनबर्ग का चालतं, ते नकाशावर बोट ठेवून पाहा. आय-८५ हा महामार्ग शार्लट आणि अटलांटा यांना जोडतो, आय-२६ चार्ल्सटन बंदराकडे जातो, आणि हे दोन्ही याच काउंटीत एकमेकांना छेदतात. ग्रीर गावात २०१३ पासून अंतर्देशीय बंदर आहे. चार्ल्सटनपासून ते २१२ मैलांवर, मध्ये रेल्वे. न्हावा शेवाहून निघालेला तुमचा कंटेनर चार्ल्सटनला उतरून रेल्वेने थेट कारखान्याच्या आसपास येतो. सुरुवातीला कच्चा माल किंवा अर्धवट भाग पुण्याहून न्यायचे असतील तर ही सोय करसवलतीपेक्षा मोलाची आहे.

माणसांसाठी बेरोजगारीचा दर पाहून निर्णय घेऊ नका. अर्ध्या तासाच्या अंतरात तुमच्यासारखीच माणसं शोधणारे कारखाने किती, हे विचारा. मोठ्या वाहन कंपनीच्या कुंपणाला लागून जागा घेतली की तुमचा चांगला ऑपरेटर सहा महिन्यांत तिकडे जातो. वीस-पंचवीस मैल लांब राहिलेलं बरं. पन्नास किंवा जास्त पूर्णवेळ माणसं झाली की आरोग्य विम्याच्या कायद्याची जबाबदारी येते, तो खर्चही पगारात धरा.

चौथी पायरी: जागेवर जा आणि गाडीत कोण बसलंय ते पाहा

भेटीचा दिवस ठरला की काउंटीची माणसं हॉटेलवर एक व्हॅन घेऊन येतात. या व्हॅनमध्ये कोण कोण आहे यावरून मला अर्धी काउंटी कळते. एकदा एका ठिकाणी (स्पार्टनबर्ग नव्हे) आम्हाला न्यायला फक्त जमिनीचा विक्रेता आणि एक जनसंपर्क अधिकारी आला. दिवसभर चांगलं बोलले, पण सांडपाण्याची नळी कुठे संपते हे दोघांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी व्हॅनमध्ये वीज कंपनीचा अभियंता होता, पाणीपुरवठ्याचा माणूस होता आणि तंत्रमहाविद्यालयात सीएनसी (संगणकाने चालणारी यंत्रं) शिकवणारे एक पन्नाशीचे शिक्षक होते. जागेवर पोचायच्या आधीच त्या शिक्षकांनी आमच्या मालकांना विचारलं, "तुमच्या मशीनवर कंट्रोलर कोणता? फॅनुक की सीमेन्स?" फॅनुक म्हटल्यावर त्यांनी खिशातून वही काढली आणि त्यांच्या प्रयोगशाळेत तशी किती यंत्रं आहेत, पुढची तुकडी कधी बाहेर पडते, हे लिहून दिलं. मालक परत येताना विमानात त्या वहीच्या पानाबद्दलच बोलत होते.

दक्षिण कॅरोलिनात या प्रशिक्षणाची व्यवस्था १९६१ पासून आहे. राज्याच्या तंत्रमहाविद्यालयांची 'रेडीएससी' ही शाखा नव्या कारखान्यासाठी माणसं निवडायला आणि शिकवायला मदत करते. पात्र कंपनीला त्याचा खर्च बहुतांशी पडत नाही. पुस्तिकेत 'मोफत प्रशिक्षण' वाचलं की एवढंच विचारा: शेवटची तुकडी कोणत्या कारखान्यासाठी शिकवली, आणि त्यांच्यापैकी किती जण अजून तिथे आहेत?

जमिनीवर उभं राहून विचारायचे प्रश्न: पाणथळ भाग किती आहे, मातीची तपासणी झाली का, आधी इथे काय होतं. जुन्या गिरणीची जागा असेल तर पर्यावरण तपासणीचा पहिल्या टप्प्याचा अहवाल पाहिल्याशिवाय इसारही देऊ नका. एकदा मालक झालात की जमिनीतल्या जुन्या रसायनांची जबाबदारी तुमच्या गळ्यात येऊ शकते. वीज "उपलब्ध आहे" म्हणजे किती महिन्यांत, हे वीज कंपनीकडून लेखी घ्या. लहान पुरवठादाराने पहिली पाच वर्षं तयार शेड भाड्याने घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःची इमारत ग्राहक पक्का झाल्यावर बांधा.

पाचवी पायरी: करार, तीन वाचनं आणि परतफेडीचं कलम

सवलत म्हणजे रोख रक्कम हातात मिळते असा अनेकांचा समज असतो. तसं सहसा नसतं. दक्षिण कॅरोलिनात मुख्य साधन आहे 'फी इन ल्यू ऑफ टॅक्स', म्हणजे कराऐवजी ठरलेलं शुल्क. किमान गुंतवणूक साधारणपणे २५ लाख डॉलर, आकारणी ६ टक्के, आणि दर अनेक वर्षांसाठी गोठवता येतो. त्यावर आणखी काही टक्के माफी वाटाघाटीत मिळू शकते. मात्र २०२२ च्या कायद्याने करार न करणाऱ्या उत्पादकांनाही मालमत्ता करात मोठी सूट मिळाली आहे. म्हणून काउंटीला सांगा, करारासह आणि कराराशिवाय असे दोन्ही तक्ते वीस वर्षांचे मांडून द्या. वर मांडलेला ७८,७५० चा फरक आज तुमच्या बाबतीत बराच कमी निघू शकतो. राज्याची रोजगारावरची सवलत वेगळी, आणि ती काउंटीच्या श्रेणीप्रमाणे बदलते. मागास काउंटीला जास्त.

करार कौन्सिलच्या तीन वाचनांतून जातो, म्हणजे तो तीन वेगवेगळ्या सभांत मांडला जातो, आणि जाहीर सुनावणीही होते. तोपर्यंत तुमच्या कंपनीचं नाव गुप्त राहू शकतं, कार्यक्रमपत्रिकेवर 'प्रोजेक्ट' आणि एखादं टोपणनाव एवढंच छापतात. मी अशा एका सभेला बसलो आहे. छोटं सभागृह, मागच्या रांगेत गावातली दहा-बारा माणसं. एक आजी उठून माइकवर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ट्रक शाळेच्या रस्त्याने जाणार का, एवढंच मला सांगा." आमच्या मालकांनी उत्तर तयार केलं नव्हतं, पण ते उठले आणि नकाशा दाखवून दुसऱ्या रस्त्याची हमी दिली. तिसऱ्या वाचनाला विरोधात एकही मत पडलं नाही. सुनावणीला वकिलाला एकटं पाठवू नका, स्वतः जा.

ठराव होण्याआधी भाडेकरारावर सही, यंत्रांची ऑर्डर किंवा वर्तमानपत्रात बातमी, तिन्ही टाळा. आधीचा खर्च करारात धरला न जाण्याचा धोका असतो, आणि तुम्ही येणारच हे कळल्यावर सवलत कोण वाढवेल?

परतफेडीचं कलम, म्हणजे आकडे पाळले नाहीत तर सवलत परत द्यायची अट, मात्र बारकाईने वाचा. ते कडक असतं आणि असायलाच हवं. विस्कॉन्सिनमधल्या रसीन काउंटीत २०१७ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १० अब्ज डॉलर आणि १३ हजार नोकऱ्यांची घोषणा केली. तिथल्या गावाने आणि काउंटीने जमीन, रस्ते, पाणी यांवर मोठा खर्च केला, लोकांची घरं गेली. २०२१ च्या नव्या करारात आकडे ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्यांवर आले. तेव्हापासून अनेक काउंट्या परदेशी कंपनीचा प्रत्येक आकडा दोनदा तपासतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. तुमच्याकडून फक्त एक मागणी करा: बाजार कोसळला, एखाद्या वर्षी माणसं कमी पडली, तर सगळी सवलत रद्द न होता त्या प्रमाणातच कमी व्हावी. हे वाक्य करारात घालून घ्या.

सहावी पायरी: इकडची आणि तिकडची कागदपत्रं

हे काम सीए आणि वकिलांचं आहे, पण चार गोष्टी मालकाला स्वतःला माहीत हव्यात.

भारतातून पैसे नेताना २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागतात. स्वयंचलित मार्गाने, म्हणजे आधी परवानगी न घेता, भारतातल्या कंपनीच्या नेटवर्थच्या (निव्वळ भांडवलाच्या) ४०० टक्क्यांपर्यंत आर्थिक बांधिलकी करता येते आणि दिलेली हमीही त्यात धरतात. सगळं अधिकृत बँकेमार्फत. पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तिकडच्या कंपनीचा कामगिरी अहवाल द्यायचा.

व्हिसाबद्दल गैरसमज फार. ई-२ हा गुंतवणूकदार व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण तसा करारच दोन देशांत नाही. आपल्या लोकांसाठी नेहमीचा रस्ता एल-१. आधीच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग तुमच्या भारतातल्या कंपनीत काम केलेला व्यवस्थापक किंवा तज्ज्ञ पाठवता येतो. नव्या कार्यालयासाठी हा व्हिसा सुरुवातीला एकच वर्षाचा असतो. त्या एका वर्षात कारखाना खरोखर उभा दिसला पाहिजे.

तिकडे कंपनी झाली की नव्या परदेशी गुंतवणुकीची माहिती ४५ दिवसांत अमेरिकी सरकारला बीई-१३ या अर्जावर द्यावी लागते. आणि पुण्याच्या मूळ कंपनीशी झालेले व्यवहार दरवर्षी ५४७२ या अर्जावर दाखवावे लागतात. तो चुकला तर दंड २५ हजार डॉलरपासून सुरू होतो.

पुण्याहून गेलेल्यांची वाट आता अगदीच अनोळखी राहिलेली नाही. भारत फोर्जने २०१९ मध्ये शेजारच्या उत्तर कॅरोलिनातल्या ली काउंटीत, सॅनफोर्डला अ‍ॅल्युमिनियम फोर्जिंगचा कारखाना जाहीर केला. एवढ्या मोठ्या कंपनीशी आपली तुलना करू नका, पण त्यांनी काउंटी निवडताना काय पाहिलं असेल याचा विचार जरूर करा.

सहीच्या आदल्या आठवड्यात

काउंटीला सांगा, तुमच्याकडे पाच-सहा वर्षांपूर्वी आलेल्या तीन लहान परदेशी कंपन्यांचे नंबर द्या. मोठ्या नकोत, साठ-सत्तर माणसांच्या द्या. चांगली काउंटी त्याच दिवशी देते. मग काउंटीचं कोणी सोबत नसताना फोन करा आणि तिघांनाही हेच विचारा: दुसऱ्या पाळीला माणसं टिकतात का, वीज शेवटची कधी गेली होती, आणि ज्या माणसाने तुम्हाला इथे आणलं तो अजूनही तुमचा फोन उचलतो का.